कुंकू लावून दिलेलं आवतन

बायनाबाई, तुमच्यावर लिहिते आहे. नाव घालू का विचारलं, तर आठवडाभरानं एकदम "घाला" म्हणालात. लेकीला, साक्षीला विचारलंत का? विचारलंत. मग घातलं. सोनपेठच्या बाईचं तेवढं मी बदललंय. आता मधे मधे "तसं न्हवतं" म्हणू नका. परक्या बाईची गोष्ट ऐकावी तशी ऐका; मीही तीत परकीच, प्रमोदिनीबाई म्हणून येते.

राणीसावरगावची बायनाबाई आजारी पडली तेव्हा साक्षी पाळण्यात होती. मेलेली सासू चुलीमागून बोलते म्हणायची, उठून रानात जायची. आधी देवऋषी झाला, मग परभणीचा दवाखाना. गोळ्या लागू पडल्या. पुढे कापूस वेचायला ती सगळ्या बायांच्या पुढे असायची. डॉक्टर म्हणाले, बऱ्या झालात. गाव म्हणेना. लग्नाचं आवतन द्यायला बाया यायच्या, जावेच्या कपाळाला कुंकू लावायच्या आणि हिच्यापाशी आल्या की करंडा मिटायच्या. अशी कैक लग्नं गेली. मग एकदा शेजारच्या सवितानं हिच्याही कपाळाला बोट टेकवलं. आपण बऱ्या झालो ते त्या दिवशी, असं बायनाबाई धरते.

परभणीत अशा बऱ्या झालेल्या माणसांवर संशोधन निघालं. प्रश्न काढायला आणि मुलाखती घ्यायला त्या वाटेनं गेलेलीच माणसं हवीत, असं ठरलं. ते काम बघणाऱ्या, कॉलेजातून निवृत्त झालेल्या प्रमोदिनीबाईंनी बायनाबाईला बोलावून घेतलं. कागदावर झोपेचे, भुकेचे, कामाचे प्रश्न होते. बायनाबाई म्हणाली, "आवतन येतं का, ते बी इचारा." तोही प्रश्न घातला.

सोनपेठला राजेश्री नावाच्या, अशाच बऱ्या झालेल्या बाईच्या घरी दोघी गेल्या. बायनाबाईनं हा प्रश्न विचारला, तशी राजेश्री हसली.

"कोन देतंय, बाई? मी बरी झाले हे दवाखान्याला ठाऊक हाय. गल्लीला न्हाई."

साक्षीचं लग्न ठरलेलं, आवतनं देणं चालूच होतं. बायनाबाईनं पिशवीतून करंडा काढला आणि राजेश्रीच्या कपाळाला कुंकू लावलं. "माज्या लेकीच्या लग्नाला यायचं. समद्या घरानं."

राजेश्रीनं आरशात कुंकू बघितलं. मग म्हणाली, "मूळ आल्याबिगर मी निघायची न्हाई."

आवतन दिलेल्या बाईला आणायला माणूस पाठवतात, ते मूळ. मूळ मागणं म्हणजे, खरंच बोलावताय ना, हे विचारणं.

परतीच्या एसटीत प्रमोदिनीबाई कडाडल्या, "मुलाखत घ्यायला गेला होता का सोयरीक जोडायला? आता तिची उत्तरं संशोधनात घेता येणार नाहीत. आणि मांडवात कुणी विचारलं, ही कोण, कुणाची, कुठं भेटली, तर?"

"मावसबहीन हाय म्हनीन. तुमच्या कागदात एक बाई कमी पडली तर पडू द्या." मग म्हणाली, "मूळ तुमीच जा. कॉलेजच्या बाई म्हनल्यावर कोन काय इचारतंय?"

"मी काय तुमच्या घरची?"

"न्हाई तर काय? दोन वर्सं माज्या हातची भाकर खायलात."

प्रमोदिनीबाई कुरकुरल्या, पण हो म्हणाल्या.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उष्टी हळद घेऊन नवरदेवाची मावशी आली. बोलता बोलता कळलं, ती सोनपेठची. आणि राजेश्रीच्याच गल्लीतली. "आमच्या गल्लीत बी एक येडी हाय," असं काहीतरी सांगून ती हसलीसुद्धा. बायनाबाईनं हळदीची वाटी खाली ठेवली. साक्षीच्या सासरी बायनाबाईचं दुखणं सांगितलेलं नव्हतं. "अक्षता पडू दे, मग बघू," असं नवरा, लिंबाजी, म्हणाला होता. राजेश्री मांडवात दिसली की मावशी ओळखणार, ओळखलं की ओळख कुठली म्हणून खोदणार, आणि खोदत खोदत बायनाबाईच्या दवाखान्यापर्यंत येणार. मग साक्षीचं काय?

सकाळी प्रमोदिनीबाई परभणीच्या स्टँडवर सोनपेठच्या गाडीत चढत होत्या. फोन वाजला.

"बाई, नका जाऊ."

"अहो, ती लुगडं नेसून बसली असेल!"

"मला ठाऊक हाय," बायनाबाई म्हणाली. मागं मांडवात वाजंत्री चालू होती. "माज्याइतकं कुनाला ठाऊक? तरी नका जाऊ."

प्रमोदिनीबाई पायरीवरून खाली उतरल्या. सोनपेठला मूळ गेलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.