लिदीचं टोपडं

त्या सिनेमात लिदीचा चेहरा कुठंच दिसत नाही. दिसते ती कमरेखाली रुळणारी तिची वेणी. पण तिसा नदीकाठच्या आमच्या गावाला विचाराल तर सगळा सिनेमा त्या वेणीचाच!

लढाई चालू होती. निम्मे पुरुष रशियात, घराघरात काळजी. अशात बुडापेस्टहून सिनेमावाले आले आणि गावात जत्राच भरली. मिरच्यांच्या माळा अर्धवट टाकून बायकांनी पेट्या उघडल्या, ठेवणीतले घागरे बाहेर काढले.

गोष्ट प्रेमाची होती. शहरातली मुलगी खेड्यातल्या शेतकऱ्याशी लग्न करते. आमच्याकडे लग्नात नवरीची वेणी सोडतात, अंबाडा बांधतात आणि वर बायकांचं पांढरं टोपडं चढवतात, तेव्हा ती मुलगी राहत नाही, बाई होते. आता सिनेमातल्या नटीचे केस कानापर्यंत कापलेले! म्हणून पाठमोरी बसायला लिदीला बोलावलं. नट अजून आला नव्हता, म्हणून त्याच्या जागी पाठमोरा उभा राहिला बालिंट.

लिदी माझी शेजारीण. बापाच्या आजारपणात तिशी उलटली तरी चर्चमध्ये अजून कुमारिकांच्या बाकावर, सोळा-सतरा वर्षांच्या पोरींत बसायची. बालिंट गाड्यांची चाकं करायचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. लंगड्या पायामुळे लढाईतून वाचला होता. लिदीचं फाटक दुरुस्त करायला तो सारखा यायचा, पण जे विचारायचं ते काही विचारत नव्हता.

"अख्ख्या गावात एवढं भक्कम फाटक कुणाचं नाही बघ," मी तिला चिडवायची.

"गप गं, बोरीश!" म्हणून ती लाल व्हायची.

हा विधी खरं तर मध्यरात्रीचा. सिनेमावाल्यांनी भर दुपारी खिडक्यांना काळं कापड ठोकलं. टोपडं घालायला एस्तेर नेनी, म्हणजे गावाची म्हातारी मावशी. गावातल्या यच्चयावत नवऱ्या तिच्याच हातून बाई झालेल्या.

दिग्दर्शक म्हणाला, "आजी, नेहमी करता तसंच करा."

झालं! नेनीला खोटं करणं माहीतच कुठं होतं? तिनं तीन मेणबत्त्या लावल्या, देवाचं नाव घेतलं, वेणी सोडली, आशीर्वादाची सगळी प्रार्थना म्हटली आणि गच्च अंबाडा बांधून टोपडं घातलं. सवयीनं आम्ही सगळ्या "आमेन" म्हणालो.

"सुरेख!" दिग्दर्शक ओरडला. "आता पुन्हा एकदा. केस सोडा."

"सोडा?" नेनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाईचं बांधलेलं डोकं मोकळं होतं ते मेल्यावर, अंघोळ घालताना. तुमच्या बुडापेस्टात काय चालतं ते तुमच्याजवळ ठेवा."

"अहो आजी, हे नाटक आहे!"

"प्रार्थना नाटकाची नव्हती."

कुणी हसेना. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, लिदीचं काय! टोपडं काढलं तर देवापुढं थट्टा, ठेवलं तर नवऱ्यावाचून बाई. रविवारी ती बसणार कुठल्या बाकावर? तिची मान खाली गेली, खांदे हलू लागले. मी मनात देवाचा धावा केला.

"सोडू नका," मागून आवाज आला. बालिंट! टोपी चुरगाळत लंगडत पुढं आला. "लिदी, तुझी ना नसेल तर... राहू दे ते. शोभतंय."

"फाटक दुरुस्त करून झालं वाटतं?" लिदी डोळे पुसत म्हणाली.

"फाटक कधी मोडलंच नव्हतं गं."

अहो, काय सांगू! आम्ही बायका अशा ओरडलो की खिडकीवरचं काळं कापड निसटून खाली आलं आणि घरभर ऊन झालं. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला. बालिंट तसाच, त्या सिनेमातल्या नवरदेवाच्या बुटांत, पाळकसाहेबांच्या घराकडे निघाला.

लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात, त्यातली दोघांची पहिली घोषणा त्या रविवारी होणार होती. लिदी टोपडं घालून दारातच घुटमळत होती. एकीकडे मुलींचा बाक, एकीकडे आमचा, लग्न झालेल्या बायकांचा, आणि लग्न तर अजून व्हायचं होतं. सगळ्यांच्या माना वळल्या.

एस्तेर नेनीनं मला कोपरानं ढोसलं. "सरक की! तिनं उभ्यानंच प्रार्थना करायची का?"

मी सरकले.