चुलीखालचा लाल पट्ट्याचा दगड

चौसाळ्यात हायवेच्या कडंला, टायरवाल्याला लागून, मुस्तकीम मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज हाय. तिथं कुणीबी गाडी घेऊन गेलं की मुस्तकीम आधी बोलत न्हाई, आधी चाकाला दगड लावतो. गाडी सपाट जाग्यावर असू द्या, सरकारी असू द्या, काचंवर पुढाऱ्याचं नाव असू द्या, दगड लागणारच. मंग आत बसून हँडब्रेक वर वढतो आन् दात मोजतो. कट, कट, कट. पाच-सहा दातांत गाडीनं दम धरला तर ठीक. आठाच्या म्होरं गेलं की किल्ली काढून खिशात घालतो.

मालक म्हणतो, "मिस्त्री, मला तर नुस्तं ऑईल बदलायचं व्हतं."

"ऑईल उद्या बदललं तरी चालतंय," मुस्तकीम म्हणतो.

लोक हसतात. हसू द्या. इंजिनाचे मिस्त्री गल्लोगल्ली पडलेत, पर हँडब्रेकची तार अशी बसवणारा माणूस बीडपासून केजापर्यंत दुसरा दाखवा, त्याच्या घरी पाणी भरू. त्याचं डावं मनगट वाकडं हाय. त्या वाकड्या हातानंबी तो दुसऱ्याच्या दोन हातांइतकं काम करतो. मनगट कावून वाकडं झालं ते मातर तो सांगत न्हाई. म्हून दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतंय.

मुस्तकीम ल्हानपणापासून भित्रा. गावातली पोरं विहिरीत उड्या मारायची तवा ह्यो काठावर सगळ्यांची कापडं धरून बसायचा. त्याचा मोठा भाऊ हैदर, सातवी शिकलेला, छाती अशी पुढं काढून चालणारा, वरनं सूर मारायचा आन् बाहेर येऊन म्हणायचा, "सशा, भिजायला तरी ये बे." पर दुसऱ्या कुणी मुस्तकीमला ससा म्हणलं की त्याचं थोबाड रंगलंच म्हून समजा. मोठा झाल्यावर हैदरनं काळीपिवळी जीप घेतली आन् मुस्तकीम गाड्या दुरुस्त करायला लागला. हैदर स्टँडवर सांगायचा, "माझ्या भावानं हात लावलेली गाडी हाय. वाटलं तर भितीवर चढवून दाखवतो."

आता झालं काय, की शेजारच्या वाडीचे सुंदरराव आन् त्यांची बायको छबुबाई, ह्यांनी दर्ग्याला नवस बोललेला. नातू झाला की कंदुरी करू, बोकड कापून जेवण घालू. नातू झाला. बोकड ठरलं, बेस्तरवार ठरला, आन् माणसं न्यायला हैदरची जीप ठरली. दोन्ही घरांचं येणंजाणं जुनं, म्हून हैदर-मुस्तकीमची अम्मी, इमामबी, तीबी निघाली. तिचे गुडघे कामातनं गेलेले. दोघांनी दोन बाजूंनी धरल्याबिगर उतरता येत न्हाई.

आदल्या सांजच्याला मुस्तकीम जीपखाली गेला. हँडब्रेकची तार पार झिजलेली. पिळाचे निम्म्याहून जास्त धागे तुटून केसावानी उभे राहिलेले. नवी तार बीडहून यायची व्हती, ती सुक्करवारच्या आत न्हाई. त्यानं नट फिरवून हाय ती तार आवळली आन् बाहेर आला.

"भाई, उद्या दुसरी गाडी बघ."

हैदर फोनवर सुंदररावशी बोलत व्हता. फोन कानाचा न काढता म्हणला, "कावून? आवळला न्हाई का?"

"आवळलाय. पर..."

"मंग झालं की." आन् फोनमधी म्हणला, "सुंदरराव, गाडी एकदम टकाटक हाय. भावानं आत्ताच हात फिरवलाय."

दुसऱ्या दिवशी मुस्तकीमनं गॅरेज बंद ठेवलं आन् जीपच्या मागच्या फळीवर जाऊन बसला. वाटभर त्याची नजर त्या हँडब्रेकच्या दांड्यावर.

दर्गा डोंगरावर. रस्ता वर चढत जातो आन् दर्ग्याच्या अलीकडं संपतो. तिथनं खाली, उताराच्या पायथ्याला, चिंचंची चार मोठी झाडं हायेत, आन् त्यांच्या खालच्या अंगाला दगडी पाळी, म्हंजी दगडाची भित. कंदुरीवाले सगळे तिथंच चुली मांडतात. जीपचा स्टार्टर महिनाभर झोपलेला, म्हून हैदरनं वर जाऊन गाडी वळवली आन् तोंड खाली करून उभी केली. न्यूटल, हँडब्रेक वर. जाताना दगड काढायचा, हँडब्रेक सोडायचा, गाडी आपोआप घरंगळती, सेकंड टाकून क्लच सोडला की चालू. स्टँडवरचे सगळेच असं करतात. किल्लीबी तशीच लावून ठेवतात.

मुस्तकीमनं स्वताच्या हातानं दगड लावला. जीपचा कायमचा दगड, काळा, एका बाजूनं सपाट, रस्त्यावर इसरू नये म्हून त्यावर लाल पट्टा मारलेला. पायानं दोनदा दाबून बघितला. चाकं उजवीकडं, मुरमाच्या बांधाकडं, वळवून ठेवावी असं त्याच्या मनात आलतं. पर हैदर हसला असता. त्यानं तोंड उघडलं न्हाई.

अम्मीनं गाडीतनंच दर्ग्याकडं हात करून दुवा मागितली. "तुमी जा रे कामाला. मी हितंच बसते, वारं चांगलं हाय," म्हणली आन् म्होरच्या सीटवर तसबीह, आपली जपाची माळ, घेऊन बसली.

मुस्तकीम कॅन घेऊन दर्ग्यामागच्या टाकीवर पाण्याला गेला. तिथं हीऽ रांग. अर्धा तास मोडला. भरलेला कॅन खांद्यावर घेऊन तो मागच्या पायवाटंनं थेट चिंचंखाली उतरला. पातेलं चढलं व्हतं. छबुबाई जाळ सारत व्हत्या, सुंदरराव कांदा चिरत व्हते, आन् हैदर पाटावर बसून चार माणसांना घाटातल्या गोष्टी सांगत व्हता. मुस्तकीमनं कॅन टेकवला. चुलीत बघितलं.

तीन दगड. तिसऱ्यावर लाल पट्टा.

त्याला आधी कळलंच न्हाई. जाळ बाजूला झाला, पट्टा पुन्यांदा दिसला. त्यानं हळूच मान वर केली. जीप व्हती तिथंच उभी. काचंमागं अम्मीची पांढरी ओढणी. मान एका बाजूला कललेली. झोपली व्हती. तिच्या आन् खालच्या दगडी पाळीच्या मधी आता काय व्हतं? पाच-सहा धागे.

वरडावं, तर अम्मी दचकून उठणार. उठताना ती कायम म्होरच्या डॅशबोर्डाला धरून सगळं अंग झोकती. वरडावं, तर ही चार माणसं पळत जाणार आन् कुणीतरी दार वढणार. मुस्तकीम वरडला न्हाई. चालायला लागला.

चालता चालता दगड बघत व्हता. एक दगड. मूठभर नगं, चांगला घमेल्याएवढा. अख्ख्या उतारावर न्हाई. जेवढे धड दगड व्हते तेवढे कंदुरीवाल्यांनी चुलीला उचललेले. सगळा डोंगर त्या दिवशी पातेल्यांखाली गेलता. वर नुस्ता मुरूम राहिलेला, पायाखाली घसरणारा.

पन्नास पावलं राहिली. पाय पळायला बघत व्हते, तो त्यांना पळू देत न्हवता. चाळीस. तवा त्याला आवाज आला. बारीक. चाकाखाली एक खडा फुटल्याचा. जीप बोटभर पुढं आली व्हती.

तो थांबला. जीपबी थांबली. अम्मीच्या हातातली तसबीह हालत व्हती, मागं-पुढं, मागं-पुढं.

मंग तो पळाला.

डायव्हरकडचं दार बाहेरनं उघडत न्हाई, दोन वर्षं झाली. काचंतनं हात घालून आतली कडी वढावी लागती. तो दारापाशी पोचला, हात आत घातला, तेवढ्यात सीटखालनं टण्ण असा आवाज आला आन् हँडब्रेकचा दांडा मेल्या माणसाच्या हातासारखा खाली पडला. तार गेली.

जीप निघाली. आधी माणसाच्या चालीनं. मुस्तकीम संगं चालत कडी चाचपत व्हता. घामानं बोटं निसटत व्हती. मंग चाल वाढली. खाली चिंच, चूल, कांदा चिरणारे सुंदरराव, आन् त्याच्या खाली पाळी. आता आत शिरून ब्रेक मारायला टाइम न्हाई हे त्याला कळलं. एकच गोष्ट हाताशी व्हती, स्टिअरिंग. आन् बांध व्हता उजवीकडं. म्हंजी त्याच्याच बाजूला. गाडी बांधाला लावायची तर मधी मुस्तकीम.

भित्र्या माणसाला मरण आधीच दिसतंय म्हणतात. त्याला दिसलं. त्यानं उजवा हात आत तसाच ठेवला, डाव्यानं खिडकीची कड धरली आन् स्टिअरिंग आपल्याकडं वढलं. पुन्यांदा वढलं. जीपनं तोंड फिरवलं. मुरमात घासली, दोन हात खरडत गेली आन् बांधात नाक खुपसून थांबली. मुस्तकीम मागं सरकला व्हता, अंगानं वाचला. डावा हात मातर खिडकीवर राहिला, दाराच्या आन् बांधाच्या मधी.

धूळ खाली बसली. अम्मीनं डोळे उघडले.

"निघालो का रे आपण?"

"न्हाई अम्मी," मुस्तकीम म्हणला. "गाडी जरा सावलीला घेतली."

"बरं केलं," म्हणून तिनं परत तसबीह वढली.

खालनं सगळे पळत आले. चौघांनी जीप मागं रेटून हात सोडवला. मनगट भलतीकडंच वळलेलं. मुस्तकीमनं त्याच्याकडं बघितलं न्हाई. इतकंच इचारलं, "दगड कुणी काढला?"

छबुबाईंचं तोंड पांढरं पडलं. "चुलीला एक कमी पडत व्हता बाबा. मी हैदरभाऊला इचारूनच..."

"म्या दिला," हैदर म्हणला.

त्यानं दिला व्हता, आन् देताना छाती पुढं काढून म्हणलाबी व्हता, "न्या की काकू. आमच्या मुस्तकीमनं आवळलेला ब्रेक हाय. त्याला दगडाचा टेकू कशाला?"

मुस्तकीम बांधाला टेकून खाली बसला. "भाई, मी 'आवळलाय, पर...' म्हणलो व्हतो," म्हणला. "म्होरचं तू ऐकलंच न्हाईस."

हैदर वळला. तो खाली गेला. शिजतं पातेलं त्यानं उतरवून बाजूला ठेवलं. जाळातला दगड काठीनं वढला, वल्या गोणपाटात गुंडाळला आन् पोटाशी धरून तो उतार चढला. चटके बसत व्हते, पर खाली ठेवला न्हाई. वर येऊन चाकाला लावला. टायर चरचरलं, रबराचा वास सुटला.

"कसला रे वास?" अम्मी आतनं म्हणली.

दोघा भावांनी, एकानं एकाच हातानं, तिला गाडीतनं खाली उतरवलं आन् तिथंच रस्त्याच्या कडंला गोधडीवर बसवलं. "बसले व्हते की चांगली," ती कुरकुरत राहिली. तिला आजबी म्हाईत न्हाई. पाव्हण्यारावळ्यांना सांगती, माझा मुस्तकीम लई मायेचा, मला ऊन लागतंय म्हून गाडी सावलीत घेतली आन् हात मोडून घेतला येड्यानं.

हात बसला, वाकडा बसला. मुस्तकीमची भीती मातर गेली न्हाई, वाढली. उतारावर उभी गाडी दिसली की तो अजून जागीच थांबतो आन् तिच्या चाकाखाली बघतो. गाडी कुणाचीबी असू द्या. दगड नसला तर शोधून आणून लावतो, मंगच पुढं जातो.

आन् हैदर स्टँडवर नव्या डायव्हरांना सांगतो. उताराला तोंड खाली असलं तर रिव्हर्समधी टाका, तोंड वर असलं तर फस्टमधी. चाकं बांधाकडं वळवा. दगड लावा. माणसं आधी उतरवा. मंग हँडब्रेक, सगळ्यात शेवटी, आन् त्याच्यावर भरवसा ठेवू नका. एखादं पोरगं म्हणतं, हैदरभाई, एवढं कशाला भ्यायचं?

हैदरची छाती तशीच पुढं येती.

"माझा भाऊ भितो," तो म्हणतो. "आन् त्याच्यावानी भिणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात न्हाई. असंल तर आणून दाखवा."