पुजलेले लायनर

ब्रेकचं पेडल दाबलं तर दगडासारखं घट्ट, अन् गाडी पुढंच पळायलीय. पाटलाचा डायव्हर महेबूबभाई वरडला, "अक्का, रुकतीच नै ये!" मी शेजारी बसलेली. गाडी तुरीच्या रानात घुसली तवा थांबली. लागलं कुणालाच न्हाई.

दसऱ्याची सकाळ होती. औरादला आमचं लहान गॅरेज. जॅक सरकून ह्यांचा उजवा हात चेंगरला, तवापासून हे बाजंवर बसून सांगायचे अन् पाने मी फिरवायची.

पाटलाची मोटार निजामाच्या काळातली. ब्रेक सळईचे. पेडलची सळई चाकाला वढायची, एक चाक धरायचं, दुसरं न्हाई. ते काढून जीपचे तेलाचे ब्रेक बसवायचे होते. त्यात पायानं दाबलं की नळीतलं तेल रेटतंय, अन् चाकात लायनर म्हणून पट्टी असती, ती चाकासंगं फिरणाऱ्या ड्रमला घासून गाडी धरती. दसऱ्याला पाटलाला म्हाताऱ्या आईला घेऊन खटकचिंचोळीला जायचं होतं. काम देतानाच म्हणला, "बाईच्या हातचा ब्रेक हाय. फसला तर दुसरी गाडी येणार न्हाई तुमच्याकडं." खोटं न्हवतं. घर त्याच्यावरच चालायचं.

रानातनं गाडी ढकलत गॅरेजला आणली. हे म्हणले, "नळीत हवा ऱ्हायली असंल." हवा ऱ्हायली की पेडल मऊ लागतंय, हितं तर घट्ट. तरी दोनदा हवा काढली. फरक न्हाई. मग चाक खोललं. जळक्या तेलाचा वास आला. लायनर चमकायलता, कडंला शेंदूर.

तवा ध्यानात आलं. आदल्या दिवशी खंडेनवमी. हत्यारं पुजायची, काम बंद. मी पान्यांसंगं नवे लायनर बी मांडले, सगळ्याला तेल-शेंदूर लावला. सकाळी फडक्यानं पुसून बसवले. पण लायनर तेल पितो. पुसून निघत न्हाई, मग ड्रमवरनं नुसता घसरतो.

पाटील आला, संगं आई, नवं लुगडं नेसून. हे म्हणायलते, "जरा हवा..." मी मधीच म्हणले, "न्हाई पाटील. चूक माझी हाय. पूजेत लायनरला तेल लावलं. गाडी आज मिळायची न्हाई."

"कामून? हळू नेतो की."

"चाक काढलंय. बसवणार न्हाई."

"देवाला वाहिलेली वस्तू बिघडती व्हय?"

"देवाला चालतंय. ड्रमला न्हाई."

म्हातारी हसली. म्हणली, "चल रे, बसनं जाऊ." पाटील बडबडत गेला.

दसऱ्याला दुकानं बंद. दुसऱ्या दिवशी बीदरला जाऊन नवे लायनर आणले, ड्रम पेट्रोलनं धुतले, बसवले. गावाबाहेरच्या उतारावर महेबूबभाईनं पाय दाबला. चारी चाकांच्या रेघा सारख्या उमटल्या. पाटलानं गाडी नेली.

गावात झाली गोष्ट बोलला असंल. दिवाळीपतोर गॅरेजकडं कुणी फिरकलं न्हाई. ज्वारी उसनी आणून खाल्ली. मग एक दिवस महेबूबभाई पाटलाच्या मेव्हण्याची जीप घेऊन आला. ब्रेकचंच काम. मी म्हणले, "माझ्याकडं कसं काय?"

"साब बोले, जो गलती खुद बोली, उसकेच पास ले जाव."

खंडेनवमीला आजबी सगळं पुजते. लायनर असले तर पुड्यासगट पुजते. पुडा फोडत न्हाई.