पहिल्या पाचांतले युद्धपट

लग्नानंतर वर्षभर माझे सासरे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. भांडलेही नाहीत. अबोल्यातही त्यांची शिस्त होती. मला जे सांगायचं ते सासूबाईंना सांगायचं, मग मी समोर का बसलेली असेना. "अगं, तिला सांग, गीझर चालू राहिलाय." सासूबाई माझ्याकडे वळून म्हणत, "गीझर चालू राहिलाय गं." मी म्हणे, "बंद करते हो आई." त्या पुन्हा तिकडे वळत, "करतेय ती बंद."

कारण साधं होतं. लग्न मुलाने स्वतः ठरवलेलं, मुलगी अमरावतीची, आणि तेही नोंदणी पद्धतीने. "मी येणार नाही," असं ते मुलाला म्हणाले आणि आले नाहीत. वारज्यात आम्ही घेतलेल्या फ्लॅटचा तेव्हा नुसता सांगाडा उभा होता, म्हणून बिबवेवाडीला त्यांच्याच घरी राहणं भाग होतं. त्यातून नवऱ्याला कंपनीने सहा महिन्यांसाठी अमेरिकेला धाडलं. मला त्या घरात एकच गोष्ट हवी होती, त्यांनी माझ्याशी बोलावं. गोड बोलावं अशी अट नव्हती. "पंखा बंद कर" एवढं जरी थेट म्हणाले असते तरी मी पेढे वाटले असते.

सासरे लष्कराच्या हिशेब कार्यालयातून निवृत्त झालेले. सीमा त्यांनी पाहिली ती भिंतीवरच्या नकाशात. पण जवानांच्या पगाराची आणि प्रवासभत्त्याची बिलं जन्मभर तपासल्यामुळे लढाई म्हणजे घरचंच कार्य, असा त्यांचा सूर असे. दर रविवारी जेवणं आटोपली की ते कोपऱ्यावरच्या सीडी लायब्ररीतून युद्धपट आणत. त्यांचे पहिले पाच ठरलेले होते. नवा आत घ्यायचा तर जुना बाहेर काढायला हवा, आणि बाहेर काढायला त्यांचं मन होत नसे. गोळी लागल्यावर दोन कडवी गाणारा नायक असेल तर तो सिनेमा गाणं संपायच्या आतच बाद. सीडी अडकून पडद्यावर चौकोन चौकोन दिसायला लागले, तर तो दोषही ते दिग्दर्शकाच्याच माथी मारत.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा मला पगार मिळे. ती सवय रविवारी सुटत नाही. त्यांच्या यादीतला दुसऱ्या नंबरचा सिनेमा लागला होता. मी न राहवून म्हटलं, "आई, हा रणगाडा मघाशीच फुटला होता."

सासऱ्यांनी सिनेमा थांबवला. मागे नेला. पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "अगं, तिला सांग, शत्रूकडे एकसारखे पुष्कळ रणगाडे असतात."

"आई, त्यांना सांगा, एकसारखे असतात, पण पोचा सगळ्यांना एकाच जागी येत नाही."

त्यांनी परत मागे नेऊन पोचा पाहिला. त्या संध्याकाळी दुसरा नंबर रिकामा झाला. मला इतका आनंद कंपनीत बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

तेव्हापासून दर रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीत खटला चालू लागला. मी पाणबुडीच्या सिनेमाची बाजू लढवे, ते बर्फातल्या चौकीच्या. हाल झाले ते सासूबाईंचे. त्यांना बंदुकीचा आवाज सहन होत नसे. मेथी निवडत बसायच्या आणि मधल्या मधे आमची मतं इकडून तिकडे पोचवायच्या. सासऱ्यांनी पाच मिनिटं खंदक कसा खणतात हे सांगावं आणि त्यांनी माझ्याकडे वळून म्हणावं, "त्यांना नाही आवडला." त्यावर सासरे म्हणत, "मी असं म्हटलेलं नाही. नीट सांग."

शेवटी त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "तुमच्या लढाईत मी पोस्टमन झालेय," त्या म्हणाल्या आणि बहिणीकडे साताऱ्याला आठवडाभर जायचं त्यांनी ठरवून टाकलं. शनिवारी मी त्यांना स्वारगेटला सोडायला गेले. खिडकीशी बसल्यावर म्हणाल्या, "आता काय सांगायचं ते एकमेकांना सांगा. मी साताऱ्याहून ओरडून सांगणार नाही."

घरी आले तर सासरे कपाला सांगत होते, "साखर कमी आहे." मी साखरेच्या डब्याला म्हटलं, "घालते." तो दिवस आम्ही दोघांनी भांड्याकुंड्यांशी बोलून काढला. मला हसू येई आणि रागही येई. एवढा शिकलेला माणूस कपाशी बोलतो, सुनेशी बोलत नाही.

रविवारी त्यांनी एक जुना काळा-पांढरा सिनेमा आणला. त्यात लढाई अगदी शेवटी आणि तीही धुरात. मुलगा फौजेत निघालेला असतो. बापाला ते पसंत नाही. मुलगा दारातून म्हणतो, "येतो." बाप आत खुर्चीत पाठ करून बसलेला. मुलगा क्षणभर थांबतो, मग निघून जातो. सिनेमा संपला तेव्हा माझा पदर ओला झाला होता.

सासरे टीव्हीला म्हणाले, "रडका सिनेमा. पाचांत बसत नाही."

मी सीडी प्लेअरला म्हटलं, "पहिला नंबर."

"पहिला? का म्हणून?"

हे ते मला म्हणाले. माझ्याकडे बघून. वादाच्या भरात त्यांच्या लक्षातही आलं नाही, माझ्या आलं. आता टेस्टिंग वगैरे काही सुचेना.

"त्या एका प्रसंगासाठी," मी म्हटलं. "तो बाप वाईट नाही. मुलावर जीव आहे त्याचा. मग उठून दारापर्यंत काहून येत नाही? असं का करतात बाबा, माणसं?"

त्यांनी प्लेअरमधून सीडी काढून डबीत ठेवली.

"येईल कसा? मुलगा एकदाच म्हणाला. येतो, आणि चालू पडला." मग ते चष्मा पुसायला लागले. "तुमच्या लग्नाच्या सकाळी मी दाढी केली होती. नवा सदरा घातला, बूटही घातले. इथेच बसलो होतो. पहिल्यांदा नाही म्हणायचं असतं, म्हणून म्हटलं. वऱ्हाडातली माणसं फार आग्रह करतात असं ऐकून होतो. कोणी दुसऱ्यांदा विचारायलाच आलं नाही."

लग्नासाठी पुण्यात आलेले माझे वडील त्या सकाळी गाडी घेऊन त्यांना आणायला निघाले होते. आम्हीच त्यांना अडवलं. म्हटलं, पुण्याची माणसं आहेत, एकदा नाही म्हणजे नाही, उगाच अपमान करून घेऊ नका. सगळे वेळेवर पोचले, सह्या झाल्या, आणि इकडे हा माणूस दुपारपर्यंत बूट घालून बसून होता. मला हसू फुटलं आणि त्यातच रडूही आलं, आणि दोन्ही त्यांच्यासमोरच.

"पहिला नंबर देता येणार नाही," ते चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले. "फार तर तिसरा."

मी स्वयंपाकघरात गेले. थालीपिठाची भाजणी काढली आणि तिथूनच विचारलं, "बाबा, थालीपीठ लावू तुम्हाला?"

"नको," ते म्हणाले. "भूक नाही."

मी पुन्हा विचारलं.