जळजळ आणि घरातला सोडा

सहावा महिना लागला आणि माझ्या छातीत जळजळ सुरू झाली. मी तेव्हा एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होते. ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडायच्या आणि कपाशीचं, मक्याचं बी नीट उगवलंय का ते बघायचं. काम बसूनच, पण दिवसभर टेबलावर वाकून. वाकलं की आंबट पाणी सरळ घशापर्यंत यायचं. डबा खाल्ल्यावर तर कुणी काही विचारलं तरी मी नुसती मान हलवायची.

ज्याला सांगावं तो हसायचा. "बाळाला जावळ भरपूर असणार," असं सगळ्यांचं एकच उत्तर. माझा घसा जळतोय आणि ह्यांना बाळाच्या केसांचं कौतुक, या गोष्टीचा मला भयंकर राग यायचा.

घरी सासूबाईंचा नियम पक्का होता. "डॉक्टरनं दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या तेवढ्या घे. बाकी औषध बिलकुल न्हाई. लेकराला बाधतं." पण औषध नाही म्हणजे काहीच नाही, असंही नव्हतं. लिंबूपाण्यात खायचा सोडा टाकून त्या सकाळ-संध्याकाळ पेला पुढे करायच्या. "हे घरचं हाय. ह्यानं काही होत न्हाई."

सोड्यानं ढेकर यायचा, घटकाभर बरं वाटायचं, आणि मग आग पहिल्यापेक्षा जास्त. "डॉक्टरांना विचारू या," असं मी म्हटलं की त्या उडवून लावायच्या, आणि मी पीत राहायची. कुणाशी भांडायचं बळच नव्हतं.

नवरा रोलिंग मिलमध्ये पाळीवर जायचा. त्याला एकदा म्हणाले, "तुम्ही तरी आईंना समजवा." त्यानं समजवलं नाही, वाटेतल्या मेडिकलमधून कॅप्सूलची पट्टी आणली. स्वतःला पित्त झालं की तो घ्यायचा तीच.

"दुकानदाराला सांगितलं का, मी गरोदर आहे म्हणून?"

"त्यात काय सांगायचं? सगळे हेच घेतात."

मी पट्टी त्याच्या हातात परत दिली. एकीकडे औषधाला हातच लावायचा नाही म्हणणारी माणसं आणि दुसरीकडे कुठलंही औषध आणून देणारा नवरा. यांच्या मधे मी, आणि मला नक्की काय चालतं हे डॉक्टरांना विचारायचं कुणाच्याच डोक्यात नाही.

त्याच आठवड्यात माझी पावलं सुजली. चप्पल चढेना. सासूबाई म्हणाल्या, "दिवस गेल्यावर सुजतातच." यावेळी मात्र मी ऐकलं नाही. तपासणीची तारीख लांब होती, तरी रजा टाकली आणि त्यांना म्हणाले, "आई, तुम्ही पण चला."

"मी कशाला?"

"तुमच्यासमोरच विचारते सगळं."

दवाखान्यात गर्दी होती. नंबर लागला तेव्हा डॉक्टर मॅडमनी आधी रक्तदाब पाहिला. तो थोडा वाढलेला निघाला. लगेच लघवी तपासायला पाठवली. तो रिपोर्ट चांगला आला, तेव्हा कुठे त्यांनी पेन हातात घेतलं.

"जळजळीवर काय घेता?"

"खायचा सोडा. सकाळ-संध्याकाळ."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सोडा म्हणजे एक प्रकारे मीठच जातंय पोटात. अंगात पाणी धरतं, सूज वाढते. आजपासून बंद."

"पण ते तर घरचं हाय," सासूबाई म्हणाल्या.

"मावशी, घरातलं आहे म्हणून गरोदर बाईला चालतंच असं नाही. आणि दुकानातलं औषध आहे म्हणून ते वाईटच, असंही नाही."

मग त्यांनी एक पातळ औषध लिहून दिलं. जेवणानंतर आणि झोपताना घ्यायचं. त्याच्याबरोबर रक्तवाढीची गोळी मात्र घ्यायची नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर गोळी अंगी लागत नाही. मी नवऱ्यानं आणलेल्या कॅप्सूलचं विचारलं. "तीही देतो आम्ही काही जणींना, पण ह्या औषधानं भागलं नाही तर, आणि मी सांगितल्यावर. मनानं नाही." थोडं थोडं खायचं, जेवल्या जेवल्या आडवं व्हायचं नाही. डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बरगडीखाली कळ मारली तर ते पित्त समजून घरी बसायचं नाही, लगेच यायचं.

बाहेर बाकड्यावर बसल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "माझ्या दुसऱ्या खेपेला मी कसलीतरी तापाची गोळी घेतल्ती. लेकरू गेलं. सगळे म्हणले, तिनंच गोळी खाल्ली."

हे मला लग्नानंतर पहिल्यांदाच कळत होतं. मी त्यांचा हात धरला. गोळीनं गेलं की दुसऱ्या कशानं, हे त्यांना तेव्हा कुणी नीट सांगितलंच नव्हतं. वाईट वाटलं, आणि रागही आला. एवढी वर्षं ती भीती त्यांनी एकटीनं सांभाळली आणि शेवटी तिचा पेला करून माझ्या हातात दिला.

औषधानं फरक पडला. जळजळ पूर्ण गेली नाही, पण डबा खाऊन मी पुन्हा माणसांसारखी बोलू लागले. सूज उतरली, पुढच्या तपासणीत रक्तदाबही ठीक निघाला. आता सासूबाईंचा पहारा सुरू झाला. "गोळी घेतली का? मंग औषध आत्ता न्हाई, थांब जरा." जे मी महिनाभर सांगत होते, की डॉक्टरांना विचारू या, ते मॅडमच्या तोंडून आलं आणि पाच मिनिटांत पटलं. माझं बोलणं मात्र पटण्यासारखं नव्हतं.

एका संध्याकाळी शेजारीण आली. तिच्या सुनेलाही दिवस गेलेले. सासूबाई तिला सांगू लागल्या, "सोडा-बिडा काही देऊ नको. जल्दी दवाखान्यात ने. आमच्या सुनेला मीच नेलं, म्हणून बरं."

मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. लाटणं हातात घेऊन दारापर्यंत आले. शेजारीण कान देऊन ऐकत होती. मी परत ओट्याशी गेले आणि पुढची पोळी इतक्या जोरात लाटली की ती पोळपाटालाच चिकटून बसली.