हरलेल्यांनी निवडलेली लेन

पहिल्या रांगेतले बोये निवांत डुलत होते आणि तिसऱ्या रांगेतल्या प्रत्येक बोयामागे पाण्याची शेपटी उठत होती. दोन्हीकडे पाणी सारखंच शांत असायला हवं होतं. अबू धाबीतल्या दोन युनिव्हर्सिटींची वार्षिक रोइंग रेस दुसऱ्या दिवशी सकाळी होती आणि तिचा कोर्स मी आखला होता.

मी हायड्रोग्राफिक सर्वेयर. पाण्याची खोली मोजायची, तळाचे नकाशे करायचे, हे माझं काम. सुरुवात रुवैसच्या जेट्टीवर केली, आता खलिफा सिटीत राहून कन्सल्टन्सी करतो. रेसचं काम त्यामानाने सोपं. केशरी बोये टाकून तीन सरळ रांगा करायच्या, त्यांच्यामध्ये दोन लेन. पहिली किनाऱ्याकडची, दुसरी खोल पाण्याकडची.

वेळही मीच सुचवली होती. भरती संपून पाणी थांबतं तेव्हा रेस घ्यायची. भरती-ओहोटीच्या छापील टेबलात ती वेळ होती आदल्या दिवशी आठ, रेसच्या दिवशी नऊ. म्हणून आठला होडी घेऊन खात्री करायला गेलो, तर पाणी अजून जोरात आत येत होतं. टेबल होतं बंदराचं आणि ही खाडी बेटांच्या मागे. इथे पाणी उशिरा थांबतं. दाभोळच्या खाडीत वाढलेल्या माणसाने हे विसरावं! माझे वडील असते तर त्यांनी भर बाजारात माझी हजेरी घेतली असती.

रेस खाडीच्या तोंडाकडे जाणारी, म्हणजे त्या वेळी दुसऱ्या लेनला समोरून ओढ लागणार आणि किनाऱ्यालगतच्या मंद पाण्यातली बोट आरामात जिंकणार.

ती किनाऱ्याकडची लेन पिवळ्या जर्सीवाल्या टीमची होती. इथली पद्धतच आहे, मागच्या वर्षी हरलेल्यांनी आधी लेन निवडायची. आणि पिवळ्यांच्या बोटीत तिसऱ्या सीटवर माझी मुलगी समीना होती. मागच्या वर्षी हरल्यावर दोन दिवस ती कोणाशी धड बोलली नव्हती.

गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. खरं सांगतो, पाच मिनिटं मी होडीत तसाच बसून राहिलो. मग इव्हेंट मॅनेजर थॉमसला फोन लावला.

"रेस एक घंटा लेट करो."

"इम्पॉसिबल, परकार साब. चीफ गेस्ट का टाइम फिक्स है. मिस्टेक किसका है?"

"मेरा."

"और फायदा किसको?"

"मेरी बेटी को."

थॉमस म्हणाला, "साब, सब बोया उठाने का टाइम नहीं है."

"सब नहीं. सिर्फ एक लाइन."

पहिली रांग उचलून तिसरीच्या पलीकडे टाकली, की दोन्ही लेन खोल पाण्यात. ओढ दोघांनाही, पण सारखी. एकवीस बोये, प्रत्येकाला सिमेंटचा ठोकळा बांधलेला. "यल्ला, चला" म्हणत माझी माणसं लागली आणि दुपारी तीनला काम खलास. दोन्ही कोचना माझी चूक मी स्वतः सांगितली. पिवळ्यांचा कोच तणतणला. त्याला होडीत घालून पाणी दाखवलं, तेव्हा शांत झाला.

समीनाने घरी एवढंच विचारलं, "पप्पा, यू मूव्ड अवर लेन?"

"हो."

"ओके," म्हणून ती खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी पिवळे पाव बोटीच्या अंतराने हरले. मला फार वाईट वाटलं. पण दोन्ही लेनच्या बोयांमागे सारख्या शेपट्या बघून बरंही वाटत होतं, ते कशाला लपवू?

परतताना समीना गाडीत माझ्या शेजारी होती. घराच्या वळणावर म्हणाली, "नेक्स्ट इयर वी चूज अगेन. विच लेन, पप्पा?"

"कोणतीही घ्या. आता दोन्ही सारख्याच आहेत."

"यू आर सो युजलेस!" ती म्हणाली आणि खळखळून हसली.

तेव्हापासून कोर्स आखण्याआधी मी एक अख्खी सकाळ नुसतं पाणी बघत बसतो. आणि कोणाला कुठली लेन मिळाली, ते बोये टाकून झाल्यावरच विचारतो.