गौरीच्या पावलाशी आलेला कंद

पालेगावच्या माझ्या सासरी गौर तेरड्याची असते. गावामागच्या माळावरून तेरडा मुळासकट उपटून आणायचा, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. आणणाऱ्या सुनेने गौर घरात बसेपर्यंत तोंड उघडायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात केस पांढरे केले. वर्षभर कात्रपच्या फ्लॅटमध्ये बसून या नेमांची टिंगल करते आणि भाद्रपद आला की मुकाट्याने माळावर जाते. सासूबाईंपुढे माझं शास्त्र चालत नाही.

त्या वर्षी माळाला तिन्ही बाजूंनी निळे पत्रे लागले होते. टॉवर येणार होते. सणामुळे खोदाईचं मशीन बंद होतं, आणि माळ इतका गप्प होता की माझ्याच बांगड्यांनी मी दचकत होते. तेरड्याचा एक दाट जुडगा पाहून मी दोन्ही हातांनी ओढला. तो हलला नाही. पुन्हा ओढला, तर खालून कुणीतरी दुसरं टोक धरून बसल्यासारखं वाटलं. मग ते एकदम सुटलं आणि मी पडता पडता वाचले.

परत निघाले तेव्हा मागे गवतात काहीतरी सरपटत येऊ लागलं. मी थांबले की तेही थांबायचं. मला भीती वाटली. वळून बघितलं असतं तर भीती तिथेच संपली असती. पण जन्मभर पोरांना ‘डोळे उघडे ठेवून बघा’ म्हणून ओरडणारी मी नाकासमोर बघत घरापर्यंत गेले.

उंबऱ्यावर सासूबाई गौरीची पावलं दूधपाण्याने धुवायला बसल्या, तेव्हा मागे काय होतं ते दिसलं. तेरड्याच्या देठांना टोकाकडून गुंडाळलेला, खालचा भाग गवतातून ओढत आलेला हातभर लांब वेल. मुळाशी लहान बटाट्याएवढा कंद, आणि टोकाला एकच फूल, इवल्याशा कंदिलासारखं. कंदीलपुष्प. त्यातही ती जात, जी आता रानात उरलेली नाही असं मी दर वर्षी फळ्यावर लिहीत आले होते. बदलापूरपासून पुढच्या डोंगरांपर्यंत मी तिच्यासाठी किती पावसाळे चपला झिजवल्या होत्या! आणि गौर बसायची होती, म्हणून मला ओरडताही येत नव्हतं. सासूबाईंनी कंद अंगठ्याने चोळून स्वच्छ केला आणि माझ्याकडे बघून हसल्या. मला वाटलं, कामाला लागलेल्या सुनेचं कौतुक चाललंय.

तोंड उघडायची मुभा मिळेपर्यंत गौरीला साडी नेसवून झाली होती, मुखवटा चढला होता आणि फूल त्याच्या आत गेलं होतं. मी मनात हिशेब केला. कंद तीन दिवस कोरडा राहिला तरी मरत नाही. विसर्जनाला जुडी सोडवली की तो काढून घ्यायचा आणि जिथून आणला तिथेच, नाहीतर कुंडीत, लावायचा. घरात कुणाला सांगितलं नाही. यांना काय कळणार, असं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पूजेच्या आधी, दुसरा वेल शोधायला माळावर गेले. आदल्या दिवशी माझ्या आधी-नंतर गावातल्या पाच-सहा सुनांनी तेरडा उपटला होता आणि जागोजागी सारखेच खड्डे पडले होते. माझा कोणता, ते मागे न बघितल्यामुळे मला सांगता येत नव्हतं. गुडघ्यांवर बसून केस विंचरावे तसं गवत विंचरलं. एकही वेल नव्हता. म्हणजे होता तो एवढाच, आमच्या ओसरीवर, साडीच्या निऱ्यांमागे.

दुपारी जेवणं झाल्यावर मी एकटीच गौरीसमोर बसले होते. मुखवट्याच्या आतून आवाज येत होता. बारीक, अडकलेला, थांबून थांबून. मला ठाऊक होतं, हे फूल चिलटांना आत घेतं आणि कोमेजेपर्यंत सोडत नाही. मी स्वतः आकृती काढून शिकवलंय. तरी गौरीच्या त्या रंगवलेल्या, मिटलेल्या ओठांकडे बघताना माझ्या अंगावर काटा आला. ती काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती असं वाटत राहिलं. संध्याकाळी आवाज थांबला. मुखवट्याच्या हनुवटीखालून दोन चिलटं चालत बाहेर आली, क्षणभर साडीच्या काठावर बसली आणि उडाली.

तिसऱ्या दिवशी तळ्यावर मी साडी उतरवली आणि जुडी सोडवली. वाळलेला वेल होता, सुकलेलं फूल होतं. खाली वेल सरळ कापलेला होता. कंद नव्हता.

“कंद कुठे गेला?” मी विचारलं. आवाज चढला असावा, कारण बाया वळून बघू लागल्या.

“आगो, मीच काढला काल सकाळी,” सासूबाई म्हणाल्या. “तू भायेर गेली व्हतीस तवा. ते काय गौरीचं पाऊल नाय, पावलाला चिकटून आलेलं. आमी पोरी असताना या माळावर उकरून उकरून खायचो. किती वर्सांत दिसला नव्हता बघ! म्हटलं, गौर माह्यारी येताना शिदोरी घेऊन आली. सगल्यांना घास घास मिळावा म्हणून भाजीत टाकला.”

त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांनी बालपणाची चव मिळाली होती त्यांना. त्या फुलाला ओळखणारं माझ्याखेरीज घरात एकच माणूस होतं, आणि त्यांच्याशी मी तीन दिवस त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

आदल्या दुपारी गौरीच्या जेवणातल्या सोळा भाज्यांच्या त्या भाजीत एक फोड बाकीच्यांहून गोड लागली होती, हे मला तिथे पाण्याच्या काठावर आठवलं. रताळं असेल म्हणून मी पुन्हा भाजी मागितली होती, आणि सासूबाईंनी शोधून शोधून उरलेल्या फोडी माझ्याच पानात वाढल्या होत्या.